मालवणच्या पाण्यासाठी लेन्स : तिसऱ्या हंगामाची नोंद

ऑक्टोबरपासून पाण्याखालच्या फोटोंसाठी मालवणला १४ डाइव्ह झाल्या. मागच्या हंगामात १०० एमएम मॅक्रो (बारीक विषय जवळून टिपणारी लेन्स) की ६०, यावर माझं काही ठरत नव्हतं. आता ठरलंय. १०० एमएम सिलिका जेलच्या पुड्यांसकट कपाटात गेली आहे, ती लक्षद्वीपला जाईन तेव्हाच बाहेर येईल.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत मी ६ ते ८ मीटर खोलीवर असते. पाणी निवळलेलं असलं तर पाचेक मीटरपर्यंत दिसतं. वारा फिरला की दोन मीटरही नाही. "आज पाणी गढूळ आसा, बाय," असं तांडेलाने होडीतच सांगितलं तरी मी उतरतेच, कारण इथे स्वच्छ दिवसाची वाट बघत बसलं तर हंगाम संपतो. म्हणून लेन्स गढूळ दिवसासाठीच निवडायची. काच आणि मासा यांच्यात पाणी किती राहतं, एवढंच मी आता बघते.

कॅननच्या दोन्ही मॅक्रो १:१ देतात, म्हणजे विषय सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो. सेन्सरपासून मोजलं तर ६० एमएम २० सेंटीमीटरवर फोकस करते, १०० एमएम ३० वर. किरकोळ फरक वाटतो, पण न्युडिब्रँक (बिनशिंपल्याची समुद्री गोगलगाय) सोडून मोठ्या विषयाकडे वळलं की तो वाढतो. १५ सेंटीमीटरचा मासा माझ्या क्रॉप (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरवर फ्रेमभर हवा असेल, तर फ्लॅट पोर्टमागच्या (पोर्ट म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीची पुढची काच, इथे सपाट) १०० एमएमला साधारण एक मीटर मागे राहावं लागतं, ६० ला साठ-पासष्ट सेंटीमीटर. स्ट्रोबचा (पाण्याखालच्या फ्लॅशचा) उजेड माशापर्यंत जातो आणि तेवढंच पाणी कापून परत येतो. त्या जाण्यायेण्यात लाल रंग गळतो आणि मधला प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन फोटोत बसतो. गेल्या वर्षीचे माझे निम्मे फोटो या बॅकस्कॅटरने गेले. यंदा ६० एमएम, एफ/११ ॲपर्चर, १/१६० सेकंद आणि दोन्ही स्ट्रोब बाजूला लांब नेऊन किंचित मागे ओढलेले, एवढ्यावर खडकाच्या कपारीतला ब्लेनी (छोटा मासा) पहिल्यांदा डोळ्यातल्या बारीक रेषांसकट मिळाला. त्या दिवशी वर आल्यावर बराच वेळ स्क्रीनकडेच बघत होते.

लाजाळू माशांसाठी १०० एमएमच हवी, हे मला मान्य आहे. फक्त त्यासाठी पाणीही तसं हवं.

वाइड, म्हणजे रुंद कोनाच्या लेन्सचा गुंता सोडवायला जास्त वेळ लागला. दिवाळीत गावच्या विहिरीच्या पाण्यातल्या पायरीवर शिंप्याची टेप ताणून १८-५५ किट लेन्सची चाचणी घेतली. फ्लॅट पोर्टमागे १८ एमएमचा कोन ७४ अंशांवरून ५४ च्या आसपास येतो, म्हणजे ती जवळपास २६ एमएमसारखी वागते. शिवाय टेपेच्या दोन्ही टोकांना आकड्यांभोवती रंगीत कड दिसत होती. डोम, म्हणजे घुमटाकार पोर्टने हरवलेला कोन परत मिळतो, मात्र लेन्सचा एन्ट्रन्स प्युपिल (समोरून दिसणारं ॲपर्चरचं छिद्र) डोमच्या वक्रतेच्या केंद्रावर यायला हवा. त्यासाठी एक्स्टेन्शन रिंग (पोर्ट पुढे सरकवणारी कडी) मोजूनच घ्या, अंदाजाने नको.

डोममागची लेन्स खरा मासा बघतच नाही. ती बघते डोमच्या पुढ्यात तयार झालेली आभासी प्रतिमा. अगदी अनंतावरची वस्तूही डोमपासून त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर येऊन बसते. ८ इंची डोमला हे अंतर ३० सेंटीमीटर, ४ इंचीला १५. मासा डोमपासून १० सेंटीमीटरवर आला, की ८ इंची डोममध्ये त्याची प्रतिमा ६ सेंटीमीटरवर येते, आणि तिथे माझी किट लेन्स फोकससाठी नुसती मागेपुढे फिरत राहायची. त्यात ८ इंचाचा पूर्ण अर्धगोल दोन लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे कॅमेऱ्याला वर ढकलणारा जवळजवळ दोन किलोचा जोर. कॅमेरा सतत आभाळाकडे तोंड करतो आणि तिसऱ्या डाइव्हला मनगट बोलायला लागतं.

म्हणून टोकिना १०-१७ फिशआय (अतिरुंद कोनाची लेन्स) आणि ४ इंची ॲक्रिलिक डोम. ती सेन्सरपासून १४ सेंटीमीटरवर फोकस करते, त्यामुळे पोराइट्सच्या (एक प्रकारच्या पोवळ्याच्या) ढेकळाला जवळजवळ डोम टेकवून फोटो घेता येतो आणि मागचा हिरवा पाण्याचा पडदा चालून जातो. कोपरे मऊ पडतात, म्हणून ॲपर्चर मी एफ/११ पेक्षा जास्त उघडत नाही. एकदा लाटेने ढकललं आणि डोम कालवांवर घासला. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक पाण्याच्या बराच जवळ असल्यामुळे बारीक ओरखडे पाण्यात दिसेनासे झाले, खोल होता तो पॉलिश करून काढला. पण आधार म्हणून पोवळ्याला हात लावायचा नाही, हे मी स्वतःशी पक्कं केलंय. १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे, आणि पोराइट्स वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतं.

मार्चपर्यंत आणखी सहा डाइव्ह ठरल्या आहेत. टोकिनाला १.४ टेलिकन्व्हर्टर (प्रतिमा १.४ पट मोठी करणारं भिंग) लावून बघायचाय, म्हणजे बोटभर लांबीचा विषयही फ्रेममध्ये पुरेसा मोठा येईल. हा जोड ४ इंची डोममागे कोणी वापरला असेल तर रिंग किती मिलिमीटरची घेतली, ते मला हवंय.