तुम्ही विचारलंत म्हणून: हेलिकॉप्टरच्या फोटोला शार्पनिंग किती टाकायचं?

हेलिकॉप्टरचा फोटो शेअर केला की एक मेसेज ठरलेला असतो, 'शार्पनिंगची सेटिंग सांगा ना,' म्हणजे फोटोतल्या कडा सॉफ्टवेअरमध्ये किती ठळक केल्या ते. आणि त्याच्या मागोमाग दुसरा, 'पाती फिरताना दिसतायत आणि बॉडी एवढी क्लिअर, हे कसं जमतं?' माझ्या मते खरा प्रश्न दुसरा आहे आणि पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटातच आहे, म्हणून आधी तोच घेतो.

जेट विमान असेल तर शटर १/२००० ला (सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाला) लावायचं आणि मोकळं व्हायचं, त्यात काही चूक नाही. हेलिकॉप्टरला तेच लावलं की पाती जागच्या जागी थिजतात आणि ते दोरीने आकाशात टांगल्यासारखं दिसतं. ज्या रोटरच्या, म्हणजे फिरत्या पात्यांच्या, जोरावर ते अख्खं धूड हवेत आहे तोच फोटोत बंद पडलेला! असा फोटो मला खरंच बघवत नाही, मग त्यातला एकेक रिव्हेट मोजता आला तरी.

मग शटर किती? थोडं गणित करूया, सोपं आहे. सी किंग हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर मिनिटाला साधारण २०३ फेरे घेतो आणि पाती पाच, ध्रुवचे साधारण ३१४ फेरे आणि पाती चार, चेतकचे साडेतीनशेच्या आसपास आणि पाती तीन. फेऱ्यांना पात्यांनी गुणायचं आणि ६० ने भागायचं, जो आकडा येईल, सेकंदाच्या तेवढ्याव्या भागात एक पातं पुढच्या पात्याच्या जागी पोचतं, म्हणजे रोटरची पूर्ण गोल चकती दिसते. सी किंगला येतं १/१७, ध्रुवला १/२१, चेतकला १/१८. मशीन इतकी वेगळी आणि आकडे जवळजवळ सारखे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. पात्याच्या टोकाचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा बराच खाली ठेवावा लागतो, त्यामुळे मोठा रोटर सावकाश फिरवतात आणि छोटा जोरात, टोकाचा वेग बहुतेकांचा सेकंदाला २०० ते २२० मीटरच्या आसपासच निघतो. सी किंगचा रोटर जवळजवळ १९ मीटरचा आणि ध्रुवचा १३.२ मीटरचा, करून बघा गणित.

आता १/२० ला ४०० एमएमची (लांबचं जवळ आणणारी) लेन्स हातात धरून बॉडी शार्प मिळणं म्हणजे शंभरात एखाद-दुसरा, म्हणून मी बहुतेक वेळा १/८० ते १/१२५ मध्ये थांबतो. १/१०० ला ध्रुवचं पातं साधारण १९ अंश फिरतं, डोळ्याला गती कळते, आणि १/१००० ला दोन अंशसुद्धा फिरत नाही. हेलिकॉप्टर येताना दिसलं की आधी १/३२० ला चार-पाच फ्रेम घेऊन ठेवायच्या, फोटो पदरात पडला की मग १/२००, १/१२५, १/८० असं खाली उतरत जायचं. शेपटीचा रोटर मुख्य रोटरच्या कितीतरी पट जोरात फिरतो, तो १/३२० लाही छान धूसर येतो, म्हणून त्याची काळजी करायची नाही.

पॅनिंग, म्हणजे हेलिकॉप्टरबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेणं, हातांनी नाही, कमरेतून करायचं. पाय जिथे फोटो घ्यायचाय त्या दिशेला रोवायचे, अंग आधी वळवून हेलिकॉप्टरला लांबूनच पकडायचं, बरोबर फिरत यायचं आणि बटण दाबल्यावरही फिरत राहायचं, बरेच जण क्लिक झालं की थांबतात आणि तिथेच शेवटच्या फ्रेम हलतात. फोकस कंटिन्युअस (हलत्या वस्तूवर सतत राहणारा), पॉइंट कॉकपिटच्या दारावर, स्टॅबिलायझरला (हात हलल्याचा परिणाम कमी करणाऱ्या सोयीला) पॅनिंगचा मोड असेल तर तो. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही: हेलिकॉप्टर तुमच्या समोरून जातं तेव्हा त्याचा तुमच्याशी असलेला कोनही बदलत असतो, त्यामुळे स्लो शटरला नाक शार्प आणि शेपूट हललेली असं होतं आणि तुम्ही लेन्सला दोष देता. ते जितकं जवळून जाईल तितकं हे जास्त. जरा लांबून जाणारं निवडा.

मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा वापरणाऱ्यांनो, इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा बरं का. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात पातं पुढे सरकतं आणि फोटोत ते वाकडं उमटतं, मोबाईलच्या फोटोत दिसतं ना तसंच. स्टॅक्ड (खूप वेगाने वाचल्या जाणाऱ्या) सेन्सरवाल्या महागड्या बॉडीला हा त्रास खूप कमी, बाकीच्यांनी मेकॅनिकल शटरच वापरायचं.

उन्हाचं गणित वेगळंच. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र छोटं) ठेवलं तर शटर येतं साधारण १/१००, म्हणजे १/५० ला जायचं तर एफ/२२. आणि एवढं छोटं छिद्र केलं की डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) अख्खा फोटो मऊ पडतो, वर सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण आकाशात ठिपका होऊन बसतो. मग लोक तो मऊपणा काढायला शार्पनिंग वाढवतात, त्याने ठिपकेही शार्प होतात! त्यापेक्षा दोन-तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवरची गडद काच, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) लावा नाहीतर सरळ सकाळी लवकर जा.

सकाळ मी आणखी एका कारणासाठी सांगतोय. जुहू चौपाटीवर उभं राहिलात तर जुहू विमानतळावरून बॉम्बे हायच्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टर समुद्रावर जाताना दिसतात, सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि संध्याकाळी बरोबर तोंडावर, मग हातात फक्त काळी आकृती राहते. गेटवेला नौदल दिनाची प्रात्यक्षिकं व्हायची तेव्हा उलटं होतं, समुद्र पूर्वेला, त्यामुळे दुपारनंतरचा उजेड हेलिकॉप्टरवर सुंदर पडायचा. २०२३ ला तोच कार्यक्रम मालवणला तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला, किनारा पश्चिमेचा, तिथे संध्याकाळी सूर्य समोर. जागा ठरवण्याआधी नकाशात दिशा बघा, हे कुठल्याही स्लायडरपेक्षा महत्त्वाचं आहे. आणि कृपा करून लष्करी तळांच्या किंवा विमानतळाच्या कुंपणाला चिकटून, नाशिकच्या गांधीनगरला किंवा कुलाब्याला, कॅमेरा काढू नका, जाहीर कार्यक्रमांत भरपूर मिळतं.

बेंगळुरूला येलहंकाच्या एअर शोमध्ये सारंगचा (हवाई दलाच्या ध्रुव हेलिकॉप्टरांच्या चमूचा) डिस्प्ले बघितला असेल तर ध्रुव समोरासमोर येऊन एकमेकांना क्रॉस करतात ते आठवेल. तिथे पॅनिंग चालतच नाही, कॅमेरा एकाबरोबर फिरला की दुसरा दुप्पट हलतो. अशा वेळी मी मुकाट १/५०० ला जातो, पाती थिजली तर थिजली. सगळे एकाच दिशेने फॉर्मेशनमध्ये असतील तेव्हा परत खाली.

आता शार्पनिंग. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या) फाईलला आपोआप अमाउंट (शार्पनिंगचा जोर) ४०, रेडियस (कडेची रुंदी) १, डिटेल (बारकावे) २५ आणि मास्किंग (शार्पनिंग कुठे लागू नये ते) शून्य असतं. हे मास्किंग शून्य म्हणजेच घोटाळा, कारण आकाशातला नॉइजसुद्धा (दाणेदारपणा) शार्प होतो. ऑल्ट दाबून धरून मास्किंगचा स्लायडर सरकवा, पांढरं दिसतं तिथेच शार्पनिंग लागतं, काळं तिथे नाही, आकाश पूर्ण काळं होईपर्यंत न्या, माझं बहुतेक वेळा ७० ते ९० मध्ये थांबतं. अमाउंट ५०-६० च्या वर क्वचित जातो. रेडियस १ च्या खालीच, कारण निळ्या आकाशावर गडद बॉडी असते आणि रेडियस वाढला की कडेने पांढरी रेघ उमटते, ती एकदा दिसली की मग फोटोत दुसरं काही दिसत नाही.

रोटरवर मात्र शार्पनिंग अजिबात नाही. हे मी हट्टाने सांगतो. ब्रशने पात्यांची चकती मास्कमधून वजा करायची. तो धूसरपणा आपण शटर उतरवून, दम धरून मिळवलेला असतो, त्याच्यावर शार्पनिंग मारलं की कडा खरखरीत होतात आणि सगळी गती मरते. एग्झॉस्टच्या मागचा भागही सोडून द्या, गरम हवेतून शेपटीचा दांडा थरथरलेला दिसतो, तो हवेचाच थरथराट आहे, सॉफ्टवेअरने जात नाही, उलट भयाण दिसतो. कॉकपिट, दार, बॉडीवरची अक्षरं, चाकं, एवढंच शार्प करायचं.

एआयवाली शार्पनिंग सॉफ्टवेअर वापरू का असंही विचारता. थोडा हललेला फोटो ती सुधारतात, मान्य, पण भारतीय हेलिकॉप्टरवरचं व्हीटीने सुरू होणारं रजिस्ट्रेशन जरा हललेलं असलं की ती आपल्या मनाने अक्षरं बनवतात, सारंगच्या अंगावरच्या मोराला भलतीच पिसं फुटतात. कॅमेऱ्यापर्यंत जे पोचलंच नाही ते फोटोत घालणं मला पटत नाही. डार्करूमच्या काळातलं अनशार्प मास्किंग बघा, निगेटिव्हची मुद्दाम धूसर प्रत काढून तिलाच जोडून प्रिंट करायचे, पण त्यात नवीन काही घुसत नव्हतं, होती तीच कड उठून दिसायची.

शेवटचं शार्पनिंग फोटो छोटा केल्यावर करायचं, आधी नाही. २०४८ पिक्सेलला आणल्यावर हलकासा हात पुरतो. प्रिंट काढणार असाल तर जरा जास्त, त्यातही मॅट कागद शाई पितो म्हणून त्याला ग्लॉसीपेक्षा जास्त लागतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवलात तर ते दाबून टाकतं आणि परत मलाच विचारता की तुमच्यासारखा शार्प का दिसत नाही.