सरांच्या हातात पॅलेट नको

अजिंठ्याच्या बाजूच्या एका गावातल्या शाळेनं आपल्या दिवंगत चित्रकला शिक्षकांचं ब्राँझमधलं उठावशिल्प माझ्याकडे सांगितलं होतं. आधी मातीत घडवायचं, त्यांनी पसंत केलं की साचा, मेण आणि मग ओतकाम. मेणात गेल्यावर मोठे फेरफार अंगावर येतात, म्हणून पसंतीचा दिवस मी कधी घाईत उरकत नाही.

समिती माझ्या वर्कशॉपवर आली, बरोबर सरांच्या पत्नी. समितीच्या आग्रहामुळे सरांच्या हातात पॅलेट आणि ब्रश होता. सचिवांना आता कमळही हवं होतं, अजिंठ्याच्या भिंतीवरल्या पद्मपाणी बोधिसत्त्वासारखं. "अजिंठ्याची खूण पाहिजे ना!" अहो, पहिल्या लेण्यातलं ते निळं कमळ ही बोधिसत्त्वाची ओळख. ते हातात दिलं की सरांचाच बोधिसत्त्व होणार. आणि ब्राँझमध्ये निळं कुठून आणू?

काकू मात्र पॅलेटपाशीच थांबल्या होत्या. चष्मा सारखा करून त्यावर बोट ठेवलं. "ही कसली फळी, दादा? ह्यांच्या हातात म्या कधी पाहिली नाही. रंग करवंट्यांत कालवायचे. घरात एक करवंटी जाग्यावर राहत नव्हती."

मग म्हणाल्या, "अन् पत्रा कुठाय?"

लेण्यात अंधार. दाराशी उन्हात पांढरा कागद चिकटवलेला पत्रा तिरपा धरायचा, उजेड आत भिंतीवर टाकायचा आणि त्यात नक्कल उतरवायची. पत्रा धरायला काकू. "ऊन सरकलं की मीबी सरकायचे. हात भरून यायचे नुसते."

मी तिथंच तारेच्या हत्यारानं पॅलेट कापून काढलं.

एक सदस्य कुरकुरले, "म्हणजे सर नुसती नक्कलच करायचे, असं दिसंल की." तेव्हा मला राहवलं नाही. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेतल्या ग्रिफिथ्स या शिक्षकानं तिथले विद्यार्थी घेऊन पुन्हा काम केलं, त्यातल्याही पुष्कळ 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. इकडे भिंतीवरचा रंग झडतोच आहे. नक्कल कुणीतरी परत करत राहावीच लागते.

उठावात खोली मोजकीच मिळते, त्यामुळे काय किती उचलायचं यातच सगळा अर्थ. चेहरा दीड इंच उचलला, करवंट्या त्याखालोखाल. मागे पद्मपाणीचा झुकलेला माथा आणि कमळ, जेमतेम रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढं वर आणि अर्धवट रेखाटलेलं. ते सरांच्या समोरचं चित्र आहे, एवढं कळलं की पुरे. डाव्या कडेला तिरपा पत्रा आणि तो धरलेला बांगड्यांचा हात; बाई चौकटीबाहेर. बांगड्यांनी साच्यात फार छळलं, तो भाग वेगळा तुकडा करून काढावा लागला.

ओतल्यावर सगळं आच देऊन, रसायन मारून गडद तपकिरी केलं. पत्रा तेवढा घासून पिवळाधमक ठेवला. सचिव म्हणाले, इथं रंग राहिला वाटतं.

बसवताना बजावलं होतं, दिवा वरून डावीकडून तिरपा लावा. शाळेनं बरोबर समोर ट्यूबलाइट ठोकली, सगळा उठाव सपाट! परवा स्वतः शिडी लावून ती काढली आणि कोपऱ्यात साधा बल्ब बसवून आलो. वायरचे पैसे अजून यायचेत.