वाढत्या अंगाचं माप

आज युनिफॉर्म घ्यायला लक्ष्मी रोडला गेलो. जूनचा रविवार म्हणजे पाय ठेवायला जागा नाही, त्यात पाऊस. लेकीला ३० नंबरचा शर्ट बरोब्बर बसत होता पण काउंटरवरचे काका म्हणे ताई ३२ च न्या, वर्षभर पुरायला हवा ना. या वयात मुलं वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे काकांचं काही चुकत नव्हतं, पण ३२ घातला तर खांद्याची शिवण पार दंडावर आणि ही आरशात बघून म्हणते, आई मी हँगर दिसतेय 😂

माझ्या आईचा एकच नियम, वाढत्या अंगाचं घ्यायचं. फ्रॉकला खाली चार बोटं दुमड, दरवर्षी उसवून थोडी खाली सोडायची, मग जुन्या घडीची रेघ तशीच राहायची आणि त्याखालचं कापड गडद (वरचं विटलेलं ना), त्यामुळे फ्रॉक किती वर्षांचा ते अख्ख्या वर्गाला कळायचं. माझ्या फ्रॉकवर दोन रेघा होत्या.

शेवटी शर्ट ३० चेच घेतले, खांदा काही दुमडता येत नाही. स्कर्ट मात्र ३२ चा, हुक सरकवून घेईन. बुटात अंगठ्यापुढे बोटभरच जागा ठेवली, मागच्या वर्षी दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबला होता आणि पोरगी जिन्यात धडपडली.

घरी येऊन जुना शर्ट धाकट्यासाठी काढला तर खिशावर हा एवढा शाईचा डाग.