ग्यारसची थाळी

ओंकारेश्वरहून इंदूरकडे येताना भेरूघाटात एक ट्रक आडवा बंद पडला आणि आमची बस दोन तास जागची हलली नाही, तेव्हाच त्या रात्रीच्या जेवणाची घडी विस्कटणार हे मला उमगायला हवे होते. बसमध्ये ३४ प्रवासी होते, बहुतेक ठाणे-डोंबिवलीकडचे निवृत्त लोक, आणि दिवस कार्तिकी एकादशीचा होता. त्यांच्यापैकी १९ जणांचा उपवास होता. हा आकडा मी सकाळच्या चहाच्या वेळीच वहीत लिहून घेतला होता, कारण टूर मॅनेजरच्या नोकरीत १४ वर्षे काढल्यावर एवढे कळलेले असते की उशिरा मिळालेली खोली प्रवासी विसरतात, पण मोडलेला उपवास कधीच विसरत नाहीत.

घाटात अडकल्या अडकल्या मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात फोन लावला. माळव्यात एकादशीला ग्यारस म्हणतात, आणि जिथे जावे तिथले शब्द वापरायची मला हौस आहे. "आम्हाला उशीर होईल, ग्यारसच्या १९ थाळ्या ठेवा," असे मी हिंदीत, जरा ऐटीतच, सांगितले. फोन घेणारा मुलगा माळव्यातला नव्हता. त्याने 'ग्यारस' ऐवजी 'ग्यारह' ऐकले आणि रात्री ११ वाजता जेवणाऱ्या १९ माणसांच्या थाळ्या अशी नोंद केली. साध्या मराठीत 'उपवासाचे' म्हणालो असतो, तरी त्याला अधिक कळले असते.

साडेआठला आम्ही हॉटेलात पोहोचलो. गटातल्या सर्वांत वडील, ७६ वर्षांच्या आजींनी समोर आलेल्या थाळीवरचे झाकण उचलले. आत डाळ, भेंडीची भाजी, जिरा राइस आणि तुपाने चोपडलेल्या दोन पोळ्या होत्या. आजींनी झाकण होते तसे परत ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागले. आचारी बिचारा भला माणूस होता, पण साबुदाणा भिजायलाच तीन-चार तास लागतात, बाजारातली नेहमीची दुकाने मिटण्याच्या बेतात होती, आणि केळी व दूध यांवर १९ माणसांची बोळवण करणे मला मंजूर नव्हते.

आमच्या कंपनीचा एक लेखी नियम आहे की ज्येष्ठ नागरिकांच्या गटाला स्वतःच्या जबाबदारीवर गाड्यांवरचे खायला घालू नये. नियम बरोबरच आहे. एखाद्याचे पोट बिघडले तर दुसऱ्या दिवशीचे मांडू आणि महेश्वर दोन्ही पाण्यात जातात. तरीही मी त्या रात्री तो मोडायचे ठरवले, कारण इंदुरात ऐन रात्री ताजे फरियाली, म्हणजे उपवासाचे, हमखास मिळण्याची मला ठाऊक असलेली एकच जागा होती, ती म्हणजे सराफा.

राजवाड्याच्या मागची ही गल्ली दिवसभर सोन्याचांदीची असते आणि दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. रात्री पेढीपुढे माणसांची वर्दळ राहिली तर चोरीची भीती कमी, म्हणून सराफांनीच ही वहिवाट पडू दिली, असे तिथले लोक सांगतात. फोनवर इंदूरच्या पदार्थांच्या याद्या भरपूर सापडतात, पण त्यात वेळ क्वचित लिहिलेली असते, आणि या गावात सगळा खेळ वेळेचा आहे. पोहे-जिलेबी सकाळची, छप्पन दुकान ही खाण्याच्या दुकानांची रांग दिवसाची आणि संध्याकाळची, गराडू फक्त थंडीतला, आणि सराफ्यात नऊच्या आधी गेलात तर निव्वळ बांगड्या बघून परत यावे लागते. आम्ही राजवाड्यापाशी रिक्षांतून उतरलो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि शेवटची शटरे खाली येत होती. उपवास नसलेल्या १५ जणांचे जेवण झालेले होते, तरी तेही मागे लागून आलेच. त्यांना मी माझ्या तीन अटी सांगितल्या: डोळ्यांदेखत विस्तवावरून उतरलेलेच खायचे, पाणी आपल्या बाटलीतले, आणि बर्फ घातलेले काही नाही. मग त्यांना मोकळे सोडले.

१९ जणांची रांग खिचडीच्या गाडीपुढे उभी राहिली. आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी म्हणजे तूप-जिऱ्याची फोडणी, मिरची, बटाटा, दाण्याचे कूट आणि वर एक वाफ. इंदुरात फोडणी नसतेच. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर भलेमोठे पातेले बसवलेले असते, त्यात भिजलेला साबुदाणा नुसत्या वाफेवर शिजतो आणि दाणा न् दाणा मोकळा राहतो. गिऱ्हाईक आले की विक्रेता त्यातला थोडा वाडग्यात काढतो, वर मसाला, मिरची, बटाट्याचा तळलेला चिवडा आणि दाणे टाकतो, लिंबू पिळतो, कोथिंबीर भुरभुरवतो आणि दोनदा खालीवर करून द्रोणात ओततो. तेलातुपाच्या फोडणीशिवाय झालेली ही खिचडी हाताला हलकी लागते.

पहिला द्रोण आजींच्या हातात गेला. खिचडी पिवळसर दिसत होती.

"यात हळद आहे," आजी म्हणाल्या. "हळद उपासाला चालत नाही."

विक्रेत्याने अम्माजींना हात जोडून सांगितले की ग्यारसला हळद चालते, त्याच्या घरीसुद्धा आज हेच खाल्ले आहे. आजी ढिम्म हलल्या नाहीत. मागून कोणीतरी म्हणाले की कोथिंबीर तरी कुठे चालते. त्यावर आणखी मागून उत्तर आले की आमच्या कोकणात चालते. आणि जिऱ्यावरून तिसरा वाद उभा राहिला. मी १४ वर्षे उपवासांचे आकडे लिहीत आलो होतो, पण १९ उपवास म्हणजे १९ प्रकारचे उपवास असू शकतात, हे मला त्या ओट्यापाशी पहिल्यांदा कळले.

शेजारी उभ्या असलेल्या एक मध्यमवयीन बाई इतका वेळ ऐकत होत्या. त्या मराठीत म्हणाल्या, "आजी, आम्ही पण मराठीच आहोत, इथेच राहतो कधीपासूनचे. आमच्याकडे फरियालीत हळद चालते हो." इंदूर १८१८ साली होळकरांची राजधानी झाले, आणि तेव्हापासून पिढ्यानपिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरांची बोली कानाला किंचित हिंदी वळणाची लागते, तसेच त्यांचे बोलणे होते. आजींनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडे चालत असेल. माझ्या सासूबाईंकडे चालत नव्हती."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. मी विक्रेत्याला विचारले की हळद साबुदाण्यात आहे की मसाल्यात. त्याने पातेल्यावरचे फडके बाजूला केले. आत साबुदाणा पांढराशुभ्र, मोत्यांसारखा होता. हळद, जिरे, धने, जे काय होते ते सगळे मसाल्याच्या डब्यात होते आणि दर द्रोणात वेगळे पडत होते. आपल्या पद्धतीची खिचडी असती तर एकदा कढईत पडलेले काढता आले नसते. इथे ते मुळात पडलेलेच नव्हते. त्याच्याकडे सैंधव वेगळ्या डबीत होते आणि चिवडा तळायचे तेलही वेगळे होते, हे मी विचारून घेतले. पुढची २० मिनिटे मी वही हातात धरून ओरडत होतो: चार बिनहळदीच्या, त्यांतल्या दोन बिनकोथिंबिरीच्या, एक बिनजिऱ्याची, तीन नुसत्या सैंधव आणि लिंबाच्या. विक्रेता एकदाही वैतागला नाही. एका द्रोणात चुकून चिमूटभर मसाला पडला, तेव्हा त्याने तो द्रोण बाजूला सारून स्वतःच्या पोराला दिला आणि नवीन वाडगे घेतले. आजींनी पहिला घास घेतला, चावला आणि एवढेच विचारले, "कूट का घालत नाहीत हे?"

गराडूपाशी मात्र वाद झाला नाही. गराडू हा जमिनीतला कंद. त्याच्या फोडी आधी एकदा तळून ठेवतात आणि गिऱ्हाइकापुढे पुन्हा कडकडीत तेलात सोडतात, त्यामुळे बाहेरून कुरकुरीत आणि आतून पिठूळ होतात. वसईकडच्या एका काकांनी फोड मोडून पाहिली आणि हे आपल्या कोनफळाचेच भावंड आहे, सोलताना हाताला खाजत असणार, असे जाहीर केले. गाडीवाल्याने हसून तेल चोळलेले तळवे दाखवले. इथेही जिरावण वगळावे लागले. माळव्यात पोह्यांपासून काकडीपर्यंत सगळ्यांवर पडणाऱ्या या मसाल्यात हिंग, धने, हळद असे सगळेच असते. शेवटी शिकंजी मागवली तेव्हा लिंबाच्या सरबताची वाट पाहणाऱ्या मंडळींच्या हातात केशर-वेलचीचे, घट्ट आटवलेल्या दुधाचे पेले आले. इंदुरात शिकंजी दुधाची असते, हे आधी सांगायचे मी विसरलो होतो. पण ही चूक कोणाला खटकली नाही.

पावणेबाराला मी डोकी मोजली तेव्हा ३३ भरली. चौतिसावे काका जोशींच्या दहीवड्यापुढे सापडले. तिथे द्रोण दह्या-वड्यासकट हवेत उंच उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून पाच मसाले एकेक करून सोडतात. काका तीन दहीवडे खाऊन चौथ्याची वाट पाहत होते, भुकेपोटी नव्हे, तर दुसरा मसाला पडताना पहिला बोटांत कसा राहतो हे त्यांना समजून घ्यायचे होते. ते निवृत्त फिटर होते. त्यांना ओढून आणावे लागले.

रात्रभर मी फोन उशाशी ठेवून झोपलो. कोणाचाही फोन आला नाही. कार्यालयाला पाठवलेल्या अहवालात मी गाड्यांवर खाल्ल्याचे लिहिले, आणि चूक माझ्या बोलण्यातली होती हेही लिहिले. त्याबद्दल पुढे जे ऐकून घ्यायचे ते ऐकून घेतले.

द्वादशीच्या सकाळी सात वाजता मांडूला निघताना बस एका पोह्यांच्या दुकानापाशी थांबवली. पोहेही इथे वाफेच्या पातेल्यावरच राहतात, बडीशेप घातलेले, हळदीने पिवळेधमक, वर शेव आणि कांदा. आजी माझ्याही आधी उतरल्या होत्या. दुकानदाराने जिरावणाची डबी उचलली आणि गटाकडे पाहून हात मध्येच थांबवला. रात्रीची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली असण्याची शक्यता नव्हती, पण आमचे सगळ्यांचे चेहरे तसे दिसत असावेत. आजींनी प्लेट पुढे केली आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "आज सब डालो."