आमची वाटचाल : खोक्यात काय नसतं

जुन्या लाकडी रेल्वे डब्यांची छोटी मॉडेलं घरी जोडायचे किट आम्ही खोक्यांतून विकतो, आणि खोक्यात काय नसतं ते झाकणावरच छापतो. चाकं नाहीत, डबे एकमेकांना जोडायचे कपलर नाहीत, गोंद नाही, रंग नाही. सुरुवातीला भावाला फोनवर म्हणालो होतो, ‘किटमध्ये ट्रक येत नाहीत.’ सावंतवाडीत बसून त्याला वाटलं, आम्ही लॉऱ्यांचा धंदा काढला! आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. खरी बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा, आणि अमेरिकेत त्यालाच ट्रक म्हणतात.

आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत राहतो. आम्ही म्हणजे मी आणि बायको. तिसरं माणूस गेल्या वर्षापर्यंत नव्हतं. २००९ साली माझी मशीन शॉपमधली नोकरी गेली आणि हातात वेळच वेळ आला. स्ट्रासबर्ग जवळच आहे. तिथे जुन्या लाकडी डब्यांची वाफेची गाडी अजून धावते, समोरच राज्याचं रेल्वे संग्रहालय आहे. तिथे टेप घेऊन डबे मोजत असताना एका आजोबांची ओळख झाली. ते वर्षानुवर्षं लाकडी डब्यांचे किट करून विकत होते आणि आता डोळे साथ देत नव्हते. त्यांची छोटी करवत, बिस्किटांच्या डब्यात ठेवलेले कटर आणि नकाशांची गुंडाळी आम्ही विकत घेतली. पैसे बायकोच्या बचतीतले, हे ती अजून विसरलेली नाही.

माझं लहानपण सावंतवाडीच्या चितारआळीजवळचं. आम्ही काही चितारी नव्हे, पण लाकडी आंबे-केळी रंगताना बघण्यात कितीतरी दुपारी गेल्या. लाकडाची भीती नव्हती ती त्यामुळेच. भीती होती मापाची. आमचे डबे एचओ स्केलचे, म्हणजे छोट्या गाड्यांच्या अशा मापाचे, ज्यात खरा एक फूट साडेतीन मिलिमीटरचा होतो. साठ फुटी डबा २१० मिलिमीटरचा होतो, फूटपट्टीवर ठेवला तर तीन पेरं पट्टी उरते. बाजूच्या भिंतीला उभ्या फळ्यांचा भास हवा, म्हणून बासवूड नावाच्या मऊ लाकडाच्या पातळ पट्टीवर दर १/३२ इंचाला खाच पाडायची. खऱ्या डब्यावर ती फळी पावणेतीन इंचांची भरते. बासवूडच का, तर त्याचे रेषे इतके बारीक की या मापातही लाकूड ‘मोठं’ दिसत नाही. बाल्साचं हलकं लाकूड बोटाने दबतं, सागाचे रेषे डब्यापेक्षा ठळक दिसतात.

पोटाखालचं काम मला सगळ्यात आवडतं. लाकडी डबा वजनाने मधोमध झोळ खातो. म्हणून खालून लोखंडी सळया टाकून मधल्या टर्नबकलने, म्हणजे फिरवून आवळायच्या आट्याच्या जोडाने, त्या ताणत, अगदी सैल पडलेली बाज ताणावी तशा. आम्ही त्यासाठी मासेमारीची नायलॉन दोरी देतो, पण ओवायची गिऱ्हाइकाने.

पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १९०६ साली ठरवलं की पुढचे प्रवासी डबे पोलादीच घ्यायचे. न्यूयॉर्कला जाणारे बोगदे नदीखालून खणले जात होते आणि बोगद्यात लाकडी डबा पेटला तर काय, ही धास्ती होती. अपघातात लाकडी डबे एकमेकांत घुसतही. १९१० साली न्यूयॉर्कमध्ये या रेल्वेचं पेन स्टेशन उघडलं तेव्हा मोठ्या मार्गांवर लाकडी डब्यांचे दिवस भरत आले होते. आमची सगळी मालिका त्याच्या आधीच्या डब्यांची आहे. प्लॅस्टिकवाल्यांना हे डबे परवडत नाहीत. एका साच्याचा खर्च भरून निघायला हजारोंनी माल खपावा लागतो, आम्हाला पन्नास खोकी खपली तरी पुरे. आमच्या आधी लाबेलसारख्या लाकडी किट करणाऱ्या कंपन्यांनी हाच रस्ता तुडवलेला आहे. आम्ही काही शोध लावला नाही.

पहिली खेप मात्र पूर्ण फसली, आणि चूक माझीच. सूचनापत्रात मी लिहिलं होतं, ‘बाहेरून सीलर लावा, पॉलिश पेपर मारा, रंगवा.’ सीलर म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप. तो आतूनही लावा, हे लिहायचं राहिलं. एकाच बाजूने ओल प्यायलेली पट्टी वाळताना वाकते. दोन महिन्यांत पन्हळीसारख्या वाकलेल्या भिंतींचे फोटो येऊ लागले. नवी लाकडं टपालाने पाठवून वर्षाचा नफा धुतला. तेव्हापासून सूचनापत्र बायको तपासते. तिला सुतारकाम येत नाही, आणि तेच बरं. जे तिला कळत नाही ते मी पुन्हा लिहितो.

२०१४ मध्ये लेसर मशीन घेतलं. खिडक्या आता केसभरही चुकत नव्हत्या. मग मला चढली धुंदी. प्रत्येक तुकडा खाचेत बसेल असा कापू लागलो, छपराच्या टोकांसकट. या डब्यांचं छप्पर मधोमध उंच असतं, त्या उंचवट्याला बाजूने झरोके, आणि टोकाला ते बदकाच्या चोचीसारखं उतरतं. ती चोच पूर्वी गिऱ्हाईक स्वतः कोरून घासायचं. आम्ही तिचे थर कापून देऊ लागलो, किट एका रविवारी पुरं होऊ लागलं, नवी गिऱ्हाइकं खूश झाली. जुनी मात्र गप्प झाली. एका निवृत्त टपालवाल्यांनी लिहिलं, ‘डबा छान झाला, पण तो तुमचा झाला, माझा नव्हे.’ मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. तरी पुढच्या खेपेत छप्पर पुन्हा अखंड लाकडी पट्टीचं दिलं, टोकं न कोरता, सोबत आकार तपासायला पुठ्ठ्याचा साचा. खिडक्या लेसरच्याच ठेवल्या. साठ खिडक्या हाताने कापण्यात कसलंही पुण्य नाही. जळकट कडा घासायच्या मात्र सांगतो. त्या तशाच ठेवल्या तर गोंद नीट धरत नाही.

आता बायकोचा हट्ट आहे बार्शी लाइट रेल्वे या जुन्या अरुंद रुळांच्या गाडीच्या डब्याचा. तिचे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. मी आधी माथेरानचं मनात धरलं होतं, पण तिथलं दोन रुळांमधलं ६१० मिलिमीटरचं अंतर या मापात सात मिलिमीटरचं होतं आणि तसा रूळ तयार मिळणं कठीण. बार्शीचं ७६२ चं अंतर पावणेनऊ होतं, आणि नऊचा रूळ दुकानात तयार मिळतो. गणित तिने मांडलं, मी फक्त मान डोलावली.

डब्याची मापं जुन्या फोटोंवरून काढणं चालू आहे. मदतीला गेल्या वर्षी एक कॉलेजचा पोरगा ठेवलाय. त्याला वाटतं छपराची टोकं आपण कोरून द्यावीत. मी त्याला एक पट्टी आणि पॉलिश पेपर दिलाय. तीन पट्ट्या वाया घालवून चौथीवर आहे.