ओमोरी तर मागेच राहिलं ना?

"आपण त्सुरुमीला आलोय ना, मग पाटीवर ओमोरी का?" आज निस्मोच्या दारातच बायकोने विचारलं आणि मी क्षणभर गप्पच झालो.

निस्मो म्हणजे निस्सानचा रेसिंगवाला विभाग, १९८४ चा. आधी बस्तान टोकियोत ओमोरीला होतं, २०१३ ला सगळं इकडे योकोहामातल्या त्सुरुमीला हललं, पण वर्कशॉपचं नाव ओमोरी फॅक्टरीच राहिलं.

आत काचेपलीकडे एक आर३२ जीटी-आर, म्हणजे निस्सानची जुनी स्पोर्ट्स कार, लिफ्टवर होती, इंजिन काढलेलं, आणि एक मेकॅनिक वायरिंगचा जुडगा इतक्या हळुवार सोडवत होता की जणू लहान मुलीच्या केसांतला गुंता काढतोय. याच मॉडेलने १९९० ते ९३ जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत २९ पैकी २९ रेस मारल्या. पण खरं सांगू, मला त्याहून भारी हे वाटतं की २०१७ पासून तिचे बंद झालेले पार्ट त्यांनी परत बनवायला घेतले, अगदी वायरिंग हार्नेससुद्धा! एवढ्या जुन्या गाडीसाठी कोण करतं हो असं?

परतीच्या ट्रेनमध्ये बायको म्हणाली, "आपल्या आजीला पण सगळे शेवटपर्यंत कोल्हापूरची आजीच म्हणायचे, पुण्यात ४० वर्षं काढली तरी."

तुमच्याकडे आहे का असं, गाव सुटलं पण नाव राहिलं?