हळदीचा डाग

इंदुरात रविवारी सकाळी पांढरा सदरा घालून पोहे खायला निघणाऱ्या माणसाच्या धाडसाचं मला फार कौतुक वाटतं. इथले पोहे वाफेवर गरम राहतात. वर सेव, कांदा, जीरावन नावाचा इथला मसाला पडतो आणि कागदावर घेऊन उभ्याउभ्या खायचे. सदऱ्यावर एखादा पिवळा ठिपका पडणारच. खरी गंमत पुढे मोरीवर सुरू होते.

डागावर कपड्याच्या साबणाची वडी घासली की पिवळा ठिपका बघता बघता लालभडक होतो. पहिल्यांदा पाहणारा दचकतो, कुठे लागलं का म्हणून अंगही तपासतो. खळबळून साबण काढला की लाली ओसरून पिवळेपणा परत येतो. धीर नसेल तर लिंबाचे दोन थेंब टाका, काम लगेच होतं. आमच्या सासूबाई नातवंडांना हा खेळ करून दाखवतात. आधी लिंबू, मग साबण, पुन्हा लिंबू. डाग निघत नाही, पण पोरं तासभर गुंततात.

ही करामत हळदीतल्या कर्क्युमिनची. हळकुंडात ते जेमतेम तीनेक टक्के असतं, पण सगळा पिवळा रुबाब त्याचाच. पीएच, म्हणजे आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारं माप, साधारण ७.४ च्या खाली असला तर ते पिवळं राहतं आणि ८.६ च्या वर गेला की तांबडं होतं. साबण पडला अल्कधर्मी, म्हणून लाल. व्होगेल आणि पेल्टिए या रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ साली हा रंग हळदीतून वेगळा काढला, पण त्याची नेमकी रचना कळायला १९१० उजाडलं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र खुशाल मिसळतं. त्यामुळे फोडणीच्या तेलाबरोबर ते सुताच्या आत जाऊन बसतं आणि नुसत्या पाण्याला दाद देत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत आम्हाला हीच गोष्ट लिटमसच्या कागदानं शिकवली. इवलासा कागद, आणि तोही जपून वापरायचा! हळदीचा डबा तेव्हा घरोघरी होताच. हे लिटमस येतं कुठून, तर रोसेला जातीच्या लायकेनमधून. लायकेन म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो तेही लायकेनच, जात तेवढी वेगळी. पाट्यावर हळकुंड आणि दगडफूल शेजारी ठेवणाऱ्या बायकांसमोर लिटमसचा बडेजाव मला तरी पटत नाही.

रसायनशास्त्रानं हळदीला अगदीच वाळीत टाकलेलं नाही, हेही सांगायला हवं. हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदावर आम्ल घातलेला नमुना टाकला आणि वाळल्यावर कागद तांबडा झाला, तर त्यात टाकणखार किंवा बोरिक आम्ल आहे असं समजतात. खाण्याच्या पदार्थातली भेसळ धरायला ही युक्ती अजून वापरतात. आणि अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं चक्क पेटंट दिलं गेलं होतं! तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेनं जुने संस्कृत आणि वैद्यकीय दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. गुडघा फुटल्यावर आजीनं हळद दाबलेल्या कुणालाही साक्षीला बोलावता आलं असतं.

डागाचं काय, तर त्याला उपाय ऊन. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, त्याचे तुकडे पडतात आणि रंग जातो. साबण लावून धुतलेला सदरा ओला असतानाच डागाची बाजू वर करून गच्चीवर पसरायचा. वैशाखातलं माळव्याचं ऊन असलं तर संध्याकाळपर्यंत डाग शोधावा लागतो. श्रावणात मात्र तोच डाग आठवडाभर मुक्काम ठोकतो.

हे लक्षात आलं तेव्हा शेजारच्या वहिनींना मी त्यांच्या स्वयंपाकघराबद्दल बोलले. त्यांनी हौसेनं काचेच्या बरण्या आणून पूर्वेच्या खिडकीत ओळीनं मांडल्या आहेत. "वहिनी, हळद तेवढी स्टीलच्या डब्यात ठेवा, उन्हानं फिकी पडेल." त्यांनी बरणी हलवली नाही, पुढे पडदा लावला. आता सकाळी ओट्यावर दिवा लावून पोळ्या लाटतात.